संक्षेप आणि हक्क : सातबारा उताऱ्याच्या भाषेची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील सातबारा उतारा हा ग्रामीण समाजाने सर्वाधिक वेळा हाताळलेला लेखी दस्तऐवज होय. त्यातील नोंदींचे स्वरूप मात्र बहुतांशी संक्षिप्त अक्षरांचे राहिले आहे. 'ए.कु.मॅ.', 'अ.पा.क.', 'न.अ.श.' यांसारख्या संक्षेपांमागे कुटुंबीयांचे, अज्ञान वारसांचे आणि शासनाचे हक्क दडलेले असतात. प्रस्तुत लेखात या संक्षेपांची परंपरा, त्यांची संदिग्धता आणि तिचे परिणाम तपासले आहेत. हक्क, क्षेत्र व शर्त या तीन बाबी दस्तऐवजात कधीही संक्षेपाने लिहू नयेत, असा निष्कर्ष त्यातून मांडला आहे.

बीजसंज्ञा : संक्षेप, सातबारा, अधिकार अभिलेख, मोडी, शासनव्यवहाराची मराठी, सुबोधता.

१. प्रस्तावना

साहित्यकृतीची समीक्षा करण्याची परंपरा मराठीत समृद्ध आहे. दस्तऐवजांच्या भाषेची समीक्षा मात्र तुलनेने उपेक्षित राहिली. कथा-कादंबरी न वाचताही माणसाचे आयुष्य अडत नाही; सातबारा वाचता न आल्याने मात्र अनेकांचे आयुष्य अडलेले दिसते. पीककर्ज, वारसनोंद, वाटप, खरेदी-विक्री, भूसंपादनाचा मोबदला या प्रत्येक टप्प्यावर हा एक-दोन पानी कागद पुढे करावा लागतो. म्हणूनच त्याच्या भाषेकडे केवळ कार्यालयीन सोय म्हणून न पाहता एक संहिता म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनुसार गावपातळीवर जे नमुने ठेवले जातात, त्यांपैकी गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर दिले जात असल्याने 'सातबारा' हे नाव रूढ झाले. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तरीही ज्याच्याकडे दुसरा कागद नाही, त्याच्या बाबतीत ही नोंदच प्रत्यक्ष व्यवहारात निर्णायक ठरते. जी नोंद खरी मानावयाची, ती ज्याच्याविषयी आहे त्याला वाचता येते काय, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. संक्षेपाची परंपरा

संक्षेप ही संगणकयुगाची किंवा इंग्रजी अमदानीची देणगी नव्हे. मोडी लिपीतील कागदपत्रांत संक्षेपांचा सर्रास वापर आढळतो. शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा देण्याची पद्धत रूढ होती. 'कि॥' म्हणजे किल्ले, 'नि॥' म्हणजे निसबत, 'गु॥' म्हणजे गुजारत. हिजरी महिन्यातील चंद्रतिथी दाखविण्यासाठी 'छ' हे एकच अक्षर पुरेसे मानले जाई. कागद महाग होता, बोरूने सलग व जलद लिहावयाचे होते आणि लिहिणारा व वाचणारा हे दोघेही बहुधा एकाच दफ्तराच्या संस्कारात वाढलेले असत. त्यामुळे हा संक्षेप लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्यालाही सोयीचा होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून आजतागायत मोडी वाचकाला अक्षरवळणाइतकेच या संक्षेपांचेही शिक्षण घ्यावे लागते. लिपी येऊनही दस्तऐवज उलगडत नाही, हा मोडी अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे.

पुढे मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आली. येथे एक मूलभूत बदल घडला. पूर्वीचा कागद प्रामुख्याने दफ्तराकडून दफ्तराकडे जात असे. अधिकार अभिलेख मात्र सामान्य खातेदाराच्या हक्काचा पुरावा म्हणून सिद्ध झाला. कागदाचा वाचक बदलला, परंतु लिहिण्याची रीत बदलली नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरातील सवय तलाठ्याच्या दप्तरात गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपुष्टात आली. त्यांची लेखनशैली मात्र वारशाने टिकून राहिली.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' हे लेखन विसरता येत नाही. अक्षरशत्रू शेतकरी आणि लेखणी हाती असलेला कामगार यांच्यातील विषमता हा त्या ग्रंथातील एक प्रमुख विषय आहे. फुल्यांच्या काळी प्रश्न निरक्षरतेचा होता. आज शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर असतो, त्याला मराठी उत्तम वाचता येते, आणि तरीही 'इतर हक्क' या रकान्यापाशी तो थबकतो. निरक्षरता संपूनही वाचनाची परावलंबिता संपत नाही, ही आजच्या संदर्भातील लक्षणीय बाब होय.

३. सातबाऱ्यातील संक्षेप : एका नमुन्याचे वाचन

विवेचनाच्या सोयीसाठी प्रचलित नोंदींच्या धर्तीवर रचलेला पुढील नमुना विचारात घेता येईल :

'ग.नं. ११२. क्षेत्र हे.आर. १.०५. पो.ख. ०.०५. खातेदाराच्या नावापुढे ए.कु.मॅ. इतर हक्क : न.अ.श.; वि.का.से.सो. बोजा.'

या दोन ओळींत सहा संक्षेप आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे स्वरूप निराळे आहे. 'ग.नं.' म्हणजे गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणविषयक कायद्याखाली जमिनींची एकत्रीकरण योजना झाली, त्या गावांत सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर आले. हा संक्षेप खेड्यातील बहुतेकांना ठाऊक असतो. त्यापासून कोणाचे नुकसान संभवत नाही.

'हे.आर.' ची गोष्ट थोडी वेगळी आहे. 'हे.' हा हेक्टरचा संक्षेप आहे. 'आर' हा संक्षेप नसून एककाचे पूर्ण नाव आहे. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. दोन्हींपुढे टिंब दिल्याने 'आर' हेही एखाद्या मोठ्या शब्दाचे पहिले अक्षर असावे, असा भ्रम निर्माण होतो. याहून गंभीर बाब आकड्यांची आहे. '१.०५' म्हणजे एक हेक्टर पाच आर. तोच आकडा घाईत '१.५' असा उतरला, तर वाचणारा तो दीड हेक्टर, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर, असा वाचू शकतो. जुन्या कागदांत 'ए.गुं.' म्हणजे एकर-गुंठे असे माप आढळते. तेथे चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, त्यामुळे '१.२०' याचा अर्थ दीड एकर असा होतो. 'हे.आर.' खाली तेच '१.२०' म्हणजे एक हेक्टर वीस आर. दोन अक्षरांच्या शीर्षकावर शेताची हद्द अवलंबून राहते.

'पो.ख.' म्हणजे पोटखराब, अर्थात त्या नंबरातील लागवडीस अयोग्य क्षेत्र. पोटखराब क्षेत्राचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. शेतीस योग्य नसलेली जागा पहिल्या वर्गात, तर रस्ता, ओढा अशा सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली जागा दुसऱ्या वर्गात येते. केवळ 'पो.ख.' एवढेच लिहिल्यास हा भेद नाहीसा होतो. आपल्या खडकाळ तुकड्याची आणि सर्वांच्या वहिवाटीच्या रस्त्याची नोंद मग एकाच अक्षरजोडीत सामावते.

४. 'ए.कु.मॅ.' : अक्षरांआड गेलेले कुटुंब

वरील नमुन्यातील सर्वांत अर्थगर्भ संक्षेप 'ए.कु.मॅ.' हा होय. 'एकत्र कुटुंब मॅनेजर' हे त्याचे पूर्ण रूप. यातील पहिले दोन शब्द संस्कृतोद्भव आणि तिसरा इंग्रजी. टिंबे गळून पडल्यावर हे सारे मिळून 'एकुमॅ' असा एक नवाच शब्द तयार होतो. तो कार्यालयात आणि गावात सहजपणे उच्चारला जातो, परंतु त्याचा अर्थ सांगू शकणारे थोडेच आढळतात.

या तीन अक्षरांचे तात्पर्य असे की, ज्या व्यक्तीचे नाव खातेदार म्हणून लागले आहे, ती स्वतःपुरती मालक म्हणून नव्हे, तर एकत्र कुटुंबाच्या वतीने नोंदली गेली आहे. वडिलांच्या निधनानंतर थोरल्या भावाचे नाव अशा रीतीने लावले जाई. धाकटे भाऊ, बहिणी, आई यांची नावे स्वतंत्रपणे न लिहिता ती या संक्षेपात गृहीत धरली जात. म्हणजेच हा संक्षेप काही शब्दांचा नाही. तो माणसांचा संक्षेप आहे.

त्याचे परिणाम दोन प्रकारे दिसतात. पहिला परिणाम अर्थ न कळण्याचा. एखादी विवाहित बहीण सातबारा पाहते; तेथे तिला केवळ भावाचे नाव दिसते. नावापुढील तीन अक्षरे तिच्या बाजूने बोलणारा दुवा असू शकतात, हे तिला कळण्याची सोय त्या कागदावर नसते. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियमाने मुलींना सहदायादाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधील निर्णयात हा हक्क जन्माने प्राप्त होतो, असे स्पष्ट केले. कायद्याने इतका पल्ला गाठला, तरी हक्काचा पहिला माग ज्या कागदावर सापडावयाचा, तो कागद तिच्याशी तीन अक्षरांतच बोलत राहिला.

दुसरा परिणाम संक्षेप गळण्याचा. हस्तलिखित सातबाऱ्याचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. लांबलचक वाक्य नकलताना सहसा सुटत नाही. सुटले तर चटकन लक्षात येते. नावापुढील बारीक अक्षरे मात्र सहज सुटतात. ती सुटली की व्यवस्थापक म्हणून नोंदलेला भाऊ कागदोपत्री एकटाच खातेदार दिसू लागतो. अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. परंतु काय सुटले हे ओळखण्यासाठी आधी काय लिहिले होते याचा अर्थ कळावा लागतो. ज्याला संक्षेपाचा अर्थच ठाऊक नाही, त्याला तो नाहीसा झाल्याचे कळणार कसे?

५. 'अ.पा.क.' आणि 'न.अ.श.' : विस्तार पुरेसा आहे काय?

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार अठरा वर्षांखालील असल्यास त्याच्या नावाबरोबर पालनकर्त्याची नोंद या संक्षेपाने केली जाते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही. तशी विक्री झाल्यास ती रद्द करून घेण्याचा हक्क त्या मुलाला असतो. मात्र मुदतीच्या कायद्यानुसार सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत त्याने दावा लावला पाहिजे. ही मुदत शांतपणे चालू असते. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत 'अ.पा.क.' चा अर्थ ज्याला कोणी सांगितला नाही, त्याचा हक्क त्या अक्षरांबरोबरच मुदतबाह्य होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. संक्षेप उलगडून 'अज्ञान पालनकर्ता' असे पूर्ण लिहिले, तरी सामान्य वाचकाला कितपत बोध होईल? व्यवहारात 'अज्ञान' या शब्दाचा अर्थ ज्ञानाचा अभाव असा होतो. अठरा वर्षांखालील व्यक्ती हा त्याचा कायदेशीर अर्थ बहुतेकांना अपरिचित असतो. आक्षेप रास्त आहे. संक्षेप टाळल्याने भाषा आपोआप सुबोध होत नाही. परंतु पूर्ण शब्द लिहिल्याने निदान दुर्बोधता उघड होते. 'अज्ञान' हा शब्द खटकतो, तो कोशात पाहता येतो, कोणास विचारता येतो, त्याऐवजी 'अल्पवयीन' लिहावे अशी मागणीही करता येते. 'अ.' या अक्षरावर आक्षेप घेता येत नाही. संक्षेप शब्दाला जसा झाकतो, तसाच शब्दाच्या उणिवेलाही झाकतो.

'न.अ.श.' म्हणजे नवीन व अविभाज्य शर्त. शासनाने वाटप केलेल्या काही जमिनी या शर्तीवर दिल्या जातात. सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचे हस्तांतरण करता येत नाही. अशा जमिनी सामान्यतः भोगवटादार वर्ग-२ मध्ये मोडतात. परवानगीवाचून झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो आणि त्याची झळ विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्यालाही बसते. आयुष्यभराची पुंजी घालून जमीन घेणाऱ्याने तीन अक्षरांचा अर्थ आधीच जाणून असावा, ही अपेक्षा दस्तऐवजाच्या प्रयोजनाशी विसंगत आहे. इशारा द्यावयाचा तर तो कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. न कळणारा इशारा दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

६. एक अक्षर, अनेक अर्थ

संक्षेपांची दुसरी मोठी उणीव संदिग्धतेची आहे. महसुली व दैनंदिन लेखनात 'कु.' हे एकच अक्षर घेतले, तर 'ए.कु.मॅ.' मध्ये ते कुटुंब, 'कु.का.' मध्ये कुळकायदा, 'कु.मु.' मध्ये कुलमुखत्यार आणि मुलीच्या नावापूर्वी कुमारी या अर्थाने येते. 'पो.' हे अक्षर 'पो.ख.' मध्ये पोट, 'मु.पो.' मध्ये पोस्ट आणि 'पो.नि.' मध्ये पोलीस होते. 'ए.' हा 'ए.कु.मॅ.' मध्ये एकत्र, तर 'ए.गुं.' मध्ये एकर असतो. 'ता.' म्हणजे तारीख की तालुका, हे पुढील शब्दावरून ताडावे लागते. सार्वजनिक जीवनात 'मा.' या अक्षराने तर माननीय आणि माजी यांतील अंतरच मिटविले आहे, पत्रिकेवरील 'मा. अध्यक्ष' हे पदावर आहेत की पदावरून उतरले आहेत, हे वाचकाने स्वतःच ठरवावयाचे.

मराठीची प्रकृतीही येथे विचारात घ्यावी लागते. मराठी शब्द विभक्तिप्रत्यय घेऊन वाक्यात उभा राहतो. 'कुटुंबाचा', 'कुटुंबाकडून', 'कुटुंबासाठी' या रूपांतून कोणी, कोणाकडून, कोणासाठी हे नाते प्रकट होते. संक्षेप करताना सर्वप्रथम गळतो तो हा प्रत्यय. त्यामुळे 'अ.पा.क.' या नोंदीत ज्याचे नाव पुढे आहे तो अज्ञान आहे की पालनकर्ता, हे अक्षरांवरून निश्चित होत नाही. ते रकान्यातील मांडणीवरून आणि मूळ फेरफार पाहून ठरवावे लागते. मालक कोण आणि सांभाळणारा कोण, हा भेद मराठीत एका प्रत्ययाने व्यक्त होऊ शकतो. संक्षेप नेमका तोच नाहीसा करतो.

७. लोकांचा संक्षेप आणि लेखनिकाचा संक्षेप

याचा अर्थ सर्वच संक्षेप त्याज्य आहेत, असा मात्र नाही. 'सातबारा' हा शब्द स्वतःच एक संक्षेप आहे. 'गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा' असे कोणी म्हणत नाही आणि म्हणण्याची गरजही नाही. 'सातबारा कोरा करा' ही शेतकरी आंदोलनातील घोषणा किंवा एखाद्या गोष्टीवरील हक्क सांगण्यासाठी 'सातबारा आपल्या नावावर आहे' असे म्हणण्याची रीत यांवरून हा शब्द लोकभाषेने किती आपलासा केला आहे, हे दिसते. पत्त्यातील 'मु.पो.', 'ता.', 'जि.' ही अक्षरेही शाळकरी मुलालाही कळतात.

म्हणून येथे दोन प्रकार वेगळे करणे इष्ट ठरेल. वापरणाऱ्या समाजाने स्वतः घडविलेला, बोलण्यातून रुळलेला आणि सर्वांना समान अर्थ देणारा तो लोकांचा संक्षेप. लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी कार्यालयात घडलेला आणि ज्याचा अर्थ विचारण्यासाठी पुन्हा कार्यालयातच जावे लागते, तो लेखनिकाचा संक्षेप. पहिला भाषेची शक्ती वाढवितो. दुसरा वाचकाचे परावलंबन वाढवितो. दोहोंतील फरक अक्षरांच्या संख्येत नसून अर्थाची किल्ली कोणाच्या हाती आहे, यात आहे.

ही कसोटी चावडी वाचनाच्या वेळी स्पष्टपणे जाणवते. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचून त्यांवर हरकती घेण्याची ही पद्धत लोकशाहीला पोषक आहे. परंतु मोठ्याने वाचताना 'एकुमॅ', 'अपाक' हे केवळ ध्वनी उरतात. ऐकणारा मान डोलावतो. हरकत घेत नाही. न कळलेल्या नोंदीला दिलेली ही मूक संमती खऱ्या अर्थाने संमती म्हणता येणार नाही.

८. सुधारणांचे मूल्यमापन

मराठी राज्यकारभाराची भाषा व्हावी यासाठी झालेले प्रयत्न मोलाचे आहेत. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला, पदनाम कोश व शासन व्यवहार कोश सिद्ध झाले. या प्रयत्नांचा भर मुख्यत्वे इंग्रजी शब्दांना मराठी पर्याय देण्यावर राहिला. मराठी शब्द मराठी माणसाला पूर्ण दिसावा, हा प्रश्न त्यामानाने मागे पडला. इंग्रजीच्या जागी मराठी आली, पण ती आद्याक्षरांपुरती आली.

संगणकीकरणानंतर परिस्थिती बदलावयास हवी होती. हस्तलिखितात रकान्याची रुंदी आणि लिहिणाऱ्याचे श्रम ही संक्षेपाची सबळ कारणे होती. एका तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अनेक गावांचे दप्तर असे. त्यामुळे त्याने अक्षरे वाचविली, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. संगणकाला मात्र पूर्ण शब्द छापण्याचे श्रम पडत नाहीत. २०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याचा सुधारित नमुना आणला, त्यात गावाचा संकेतांक आणि क्षेत्राच्या एककाचा स्पष्ट उल्लेख यांसारख्या उपयुक्त सुधारणा झाल्या. परंतु नमुना सुधारला तरी जुन्या नोंदींतील अक्षरे संगणकात जशीच्या तशी उतरली होती.

२०२५ मध्ये राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेण्यात आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा प्रमुख उद्देश होता; पुढील टप्प्यात अपाक शेरा, एकुमॅ नोंद आणि जुने कालबाह्य बोजे कमी करण्याचे काम समाविष्ट झाले. मोहिमेचे स्वागतच केले पाहिजे. त्याचबरोबर एक सावधगिरीही नोंदविणे आवश्यक आहे. संक्षेप कमी करणे आणि संक्षेप उलगडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे कमी करून त्या जागी भाऊ, बहीण, आई अशी सर्व हक्कदारांची नावे लागली, तर नोंद उलगडली. नावे न लावता केवळ अक्षरे पुसली गेली, तर कागद वाचनीय होईल, परंतु तो अपूर्ण होईल. सुबोधतेच्या नावाखाली हक्काचा शेवटचा दुवा नाहीसा होणार नाही, याची काळजी घ्यावयास हवी.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

(१) दस्तऐवजातील संक्षेप त्याच्या वाचकानुसार तपासावा लागतो. दफ्तरापुरत्या कागदात तो क्षम्य आहे. नागरिकाच्या हक्काचा पुरावा असलेल्या कागदात तो आपोआप क्षम्य ठरत नाही.

(२) हक्क, क्षेत्र आणि शर्त यांविषयीचा कोणताही शब्द संक्षेपाने लिहू नये. 'ए.कु.मॅ.', 'अ.पा.क.', 'न.अ.श.' यांची पूर्ण रूपे प्रत्ययांसह, वाक्याच्या स्वरूपात द्यावीत. क्षेत्र '१ हेक्टर ५ आर' असे शब्द व आकडे मिळून लिहावे.

(३) 'मु.पो.', 'ता.', 'जि.' यांसारखे सर्वपरिचित संक्षेप ठेवण्यास हरकत नाही. मात्र एका दस्तऐवजात एका संक्षेपाचा एकच अर्थ असावा.

(४) नोंद करणाऱ्याच्या सोयीसाठी संगणकात संकेताक्षरे वापरता येतील. उताऱ्यावर मात्र त्यांचे पूर्ण रूपच छापले जावे, अशी रचना आज्ञावलीत करता येते. जुन्या उताऱ्यांसाठी पाठीमागे संक्षेपांची अर्थसूची छापावी.

(५) पूर्ण रूप दिल्यावर जे शब्द तरीही दुर्बोध राहतील, ते बदलण्याचा विचार व्हावा. 'अज्ञान' ऐवजी 'अल्पवयीन' हे त्याचे एक उदाहरण होय.

यावर असे म्हटले जाईल की, यामुळे उतारा लांबेल. वर दिलेला दोन ओळींचा नमुना पूर्ण शब्दांत लिहिला, तर तो असा होईल : 'गट नंबर ११२. एकूण क्षेत्र १ हेक्टर ५ आर, त्यापैकी पोटखराब ५ आर. खातेदाराचे नाव एकत्र कुटुंबाचे व्यवस्थापक म्हणून दाखल आहे. इतर हक्क : ही जमीन नवीन व अविभाज्य शर्तीवर दिलेली आहे, विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे.' दोन ओळींच्या जागी चार ओळी होतात. या वाढीव दोन ओळींत बहिणीचा माग आहे, खरेदीदाराला इशारा आहे आणि कर्जाचे नाव आहे. कागदावरील तेवढी जागा तिच्या मोबदल्याच्या मानाने फार मोठी म्हणता येणार नाही.